शेवटचे दोन टक्के
मालटाक्या, दाबाचे व्हॉल्व्ह आणि अतिभरणाचा प्रश्न

तेलवाहू जहाज भरायला दिवस-दीड दिवस लागतो, पण चीफ ऑफिसरचा खरा कस लागतो तो शेवटच्या तासाभरात. टाकीतले तेल छताच्या जवळ आलेले असते. किनाऱ्यावरच्या पंपाचा वेग उतरवायला सांगायचे, एकेका टाकीचा व्हॉल्व्ह आवळत आणायचा आणि प्रत्येक टाकीचे 'अलेज' मोजत राहायचे. अलेज म्हणजे तेलाच्या पृष्ठभागापासून छतापर्यंत उरलेली मोकळी जागा. या टप्प्याला जहाजावर 'टॉपिंग ऑफ' म्हणतात. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद टाकीत ताशी १००० घनमीटर तेल येत असेल, तर पातळी दर मिनिटाला चार सेंटिमीटरने चढते. शेवटचा एक मीटर भरायला पंचवीस मिनिटेही लागत नाहीत. तेवढ्या वेळात कुणाचे लक्ष ढळले तर?

अशा टाक्यांवर 'पीव्ही व्हॉल्व्ह' बसवलेला असतो. पी म्हणजे दाब, व्ही म्हणजे निर्वात. दाब वाढला की तो आपोआप उघडतो. त्यामुळे चुकून टाकी जास्त भरली तरी व्हॉल्व्ह उघडेल आणि टाकी वाचेल, अशी समजूत या कामात नव्याने आलेल्यांमध्ये सहज घर करते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग जिवावर बेततो. जहाजे, गॅसचे टँकर आणि किनाऱ्यावरच्या साठवण टाक्या या तिन्ही ठिकाणचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला, तर उत्तर स्पष्ट दिसते. व्हॉल्व्ह टाकीला वायूच्या दाबापासून वाचवतो. अतिभरणापासून वाचवणे हे दुसरे काम आहे आणि ते दुसऱ्यांनाच करावे लागते.

पोलादी, तरीही नाजूक

जहाजाची मालटाकी पाहणाऱ्याला अभेद्य वाटते. प्रत्यक्षात ती सपाट पत्र्यांची, आतून-बाहेरून पट्ट्यांनी मजबूत केलेली मोठी पेटी असते. गॅसचा सिलिंडर गोल असतो, म्हणून दाब सगळ्या बाजूंनी सारखा वाटला जातो. पेटीचा सपाट पत्रा मात्र दाबाखाली फुगतो. तेलवाहू जहाजाच्या टाकीची चाचणी साधारणपणे छताच्या वर २.४ मीटर पाण्याचा स्तंभ उभा करून घेतात. म्हणजे सुमारे ०.२४ बार. मोटारीच्या चाकात याच्या आठ-नऊ पट दाब असतो.

दाबाचा आकडा लहान वाटतो, कारण क्षेत्रफळ डोळ्यांपुढे येत नाही. पाण्याच्या १४०० मिलिमीटर उंचीएवढा दाब, म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला १.४ टन जोर लावतो. चारशे चौरस मीटरच्या डेकवर हा जोर ५६० टन होतो. उलट बाजूनेही धोका आहे. तेल उपसताना आत हवा किंवा इनर्ट (निष्क्रिय) गॅस पुरेसा आला नाही, तर निर्वात तयार होतो आणि बाहेरच्या हवेचा भार डेक आत दाबतो.

व्हॉल्व्हचे खरे काम

पीव्ही व्हॉल्व्हची रचना साधी आहे. त्यात दोन झाकणे असतात. एक आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वर उचलले जाते, दुसरे आत निर्वात वाढला की उघडून बाहेरची हवा आत घेते. ही झाकणे वजनाने किंवा स्प्रिंगने मिटलेली राहतात. अनेक तेलवाहू जहाजांवर दाबाची बाजू सुमारे १४०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाला आणि निर्वाताची सुमारे ३५० मिलिमीटरला उघडेल अशी लावलेली असते. चाचणीचा २४०० मिलिमीटरचा आकडा आणि हा १४०० चा आकडा यांच्यामधले अंतर हीच टाकीची शिल्लक ताकद.

या व्हॉल्व्हला दोन प्रकारची कामे पडतात. पहिले रोजचे. दिवसा ऊन लागले की टाकीतली वाफ फुगते, रात्री गारठ्यात आकसते. टाकी जणू श्वास घेते. तो थोडा थोडा वायू व्हॉल्व्हमधून ये-जा करतो. दुसरे काम माल भरतानाचे. जेवढे तेल आत येते तेवढा वायू बाहेर जायलाच हवा. शिवाय तेल ढवळले की त्यातून वाफ निघते. म्हणून समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे 'सोलास'मध्ये, वायू बाहेर सोडणारी व्यवस्था भरण्याच्या कमाल वेगाच्या किमान सव्वापट क्षमतेची असावी असा नियम आहे. ताशी १००० घनमीटर तेल आत जाणार असेल, तर ताशी १२५० घनमीटर वायू बाहेर पडता आला पाहिजे.

हा वायू पेट घेणारा आणि गुदमरवणारा असतो. तो डेकवर रेंगाळू नये म्हणून अतिवेगवान व्हेंट वापरतात. त्यातून वायू सेकंदाला किमान ३० मीटर वेगाने, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरने, सरळ वर फेकला जातो. असा व्हेंट डेकपासून किमान दोन मीटर उंच आणि राहत्या भागाच्या हवेच्या वाटांपासून किमान दहा मीटर दूर असावा लागतो. वायू मोकळेपणाने सोडणारा खांब असेल, तर तो किमान सहा मीटर उंच हवा. एवढा सगळा विचार वायूचा आहे. उंची, वेग, रुंदी, अंतर, सगळे वायू जाणार असे धरून ठरवलेले आहे.

वायूच्या वाटेने तेल आले तर

टाकी काठोकाठ भरली आणि तेल त्याच वाटेने वर चढू लागले, तर काय होते हे साध्या हिशेबाने कळते. तेल त्या वायूपेक्षा साधारण पाचशे पट जड. ठरावीक छिद्रातून, ठरावीक दाबाखाली किती घनमीटर द्रव्य जाईल हे त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाचशेचे वर्गमूळ बावीसच्या आसपास. म्हणजे ज्या वाटेने ताशी १२५० घनमीटर वायू जाऊ शकतो, त्याच वाटेने त्याच दाबाखाली तेल जाईल ते ताशी साठ घनमीटरच्या आसपास. आत मात्र १००० घनमीटर येतच आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही टाकीतला दाब वाढत राहतो आणि काही क्षणांत पत्र्याची मर्यादा ओलांडतो.

खांबाच्या बाबतीत तर प्रवाहाचीही गरज नाही. सहा मीटर उंच खांबात तेल नुसते उभे राहिले, तरी पायथ्याशी सुमारे पाच मीटर पाण्याएवढा दाब पडतो. टाकीची चाचणी झाली आहे २.४ मीटरला. म्हणजे तेल खांबाच्या टोकाशी पोहोचण्याआधीच टाकीची कसोटी लागून गेलेली असते.

घरच्या प्रेशर कुकरमध्ये हेच तत्त्व रोज समोर असते. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि डाळीसाठी निम्माच भरावा, असे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. शिट्टीची नळी वाफेसाठी आहे. डाळीचा फेस तिच्यात शिरला की ती चोंदते आणि शिट्टी असूनही नसल्यासारखी होते. तिथे चुकीची भरपाई म्हणून एक वितळणारी सुरक्षा खुंटी दिलेली असते. जहाजाच्या टाकीला तशी खुंटी नाही.

म्हणूनच सोलासने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. वायूवाटेत द्रव चढून टाकीच्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे दाब जाऊ नये यासाठी उच्च पातळीचा इशारा किंवा ओसंडण्यावर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था हवी, तिच्या जोडीला स्वतंत्र पातळीमापक हवा आणि भरण्याची ठरलेली कार्यपद्धती हवी. द्रव सांडून देणारे व्हॉल्व्ह या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. आजच्या टँकरवर ९५ टक्क्यांना पहिला आणि ९८ टक्क्यांना दुसरा इशारा वाजतो, तो याच विचारातून. उरलेले दोन टक्के वायूचे आहेत. ते मालाला द्यायचे नाहीत.

गॅसवाहू जहाज: मर्यादा आणि व्हॉल्व्ह यांचे नाते

द्रवरूप वायू वाहणाऱ्या जहाजांवर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण इथे माल तापला की नुसती वाफच नव्हे तर द्रवही फुगतो. आंतरराष्ट्रीय गॅसवाहू जहाजांच्या संहितेप्रमाणे, २० घनमीटरहून मोठ्या प्रत्येक टाकीवर किमान दोन सुरक्षा व्हॉल्व्ह असावे लागतात. ते टाकीच्या सर्वांत उंच भागाला जोडायचे आणि जहाज १५ अंश कलले तरी त्यांच्या तोंडाशी द्रव न येता वाफच राहील असे बसवायचे. एवढ्या काटेकोरपणाचे कारण वर आलेच आहे. वाफेसाठी बांधलेल्या वाटेत द्रव आला की ती वाट अपुरी पडते.

या व्हॉल्व्हची क्षमता ठरवण्याचे सूत्र टाकीच्या बाह्य पृष्ठभागावर आधारलेले आहे. जहाजाला आग लागली, ज्वाळांनी टाकी वेढली, तर किती वाफ तयार होईल हा त्या सूत्रामागचा प्रश्न. किनाऱ्याचा पंप बंद करायला विसरले तर काय, हा प्रश्न त्यात नाही.

भरण्याची मर्यादा मात्र व्हॉल्व्हच्या दाबाशी थेट बांधलेली आहे, आणि ही या संहितेतली फार शहाणी तरतूद आहे. टाकी ९८ टक्के भरता येते, पण कोणत्या तापमानाला? व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो, त्या दाबाशी जुळणाऱ्या मालाच्या तापमानाला. समजा व्हॉल्व्ह सुमारे ३.७ बारला लावला आहे. प्रोपेनची वाफ तेवढा दाब शून्य अंश सेल्सियसच्या आसपास गाठते. उणे ४० अंशाला प्रोपेनची घनता घनमीटरला ५७८ किलो असते, शून्य अंशाला ५२९. म्हणून थंडगार प्रोपेन भरताना ९८ टक्क्यांऐवजी नव्वदच्या आतच थांबावे लागते. वाटेत तो तापत शून्यापर्यंत आला तरी व्हॉल्व्ह उघडतेवेळी टाकीत दोन टक्के वाफेची जागा शिल्लक असते. व्हॉल्व्हला काम करता यावे म्हणून भरणाऱ्याने आधी हात आखडायचा असतो.

लॉस अल्फाकेस: जागाच उरली नाही तेव्हा

ही मोकळी जागा न ठेवण्याची किंमत स्पेनने ११ जुलै १९७८ रोजी मोजली. तारागोनाच्या शुद्धीकरण कारखान्यातून प्रॉपिलीन घेऊन निघालेला एक टँकर किनाऱ्यालगतच्या रस्त्याने दक्षिणेकडे चालला होता. अल्कानारजवळ रस्त्याला लागूनच लॉस अल्फाकेस नावाची छावणी होती आणि भर उन्हाळ्याच्या सुटीत ती पर्यटकांनी भरलेली होती. तिथे टाकी फुटली. आगीच्या लोटात दोनशेहून अधिक माणसे गेली.

त्या टाकीची क्षमता सुमारे ४५ घनमीटर होती. परवानगी साधारण १९ टनांची, पण भरले होते २३ टनांहून अधिक. हिशेब करून पाहा. साडेतेवीस टन आणि ४५ घनमीटर म्हणजे घनमीटरला सुमारे ५२२ किलो. प्रॉपिलीनची १५-१६ अंशांची घनता जवळजवळ एवढीच आहे. म्हणजे त्या तापमानाला टाकी द्रवाने शिगोशिग भरली होती. जुलैच्या उन्हात द्रवाला फुगायला जागाच नव्हती. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. तो पोलादावरच जोर काढतो. शिवाय त्या टाकीला सुरक्षा व्हॉल्व्ह नव्हता, कारण स्पेनमध्ये तेव्हा तो सक्तीचा नव्हता. टाकी आधी अमोनिया वाहण्यासाठी वापरल्यामुळे तिचे पोलाद दुबळे झाले असावे, अशीही मांडणी तज्ज्ञांनी केली आहे. कारणांच्या वाटणीवर मतभेद आहेत, पण जास्त भरलेली टाकी हा सगळ्यांच्या मते कथेचा गाभा आहे.

आपल्या स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर हा धडा रोज पाळतो. त्याची क्षमता ३३.३ लिटर पाण्याची, पण त्यात गॅस भरतात १४.२ किलो, म्हणजे द्रवरूपात सुमारे २६ लिटर. उरलेले सात लिटर उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले असतात. सिलिंडर वजनावर भरतात तो याचसाठी. भारतात दाबपात्रांचे आणि गॅस टँकरचे नियम ज्या केंद्रीय संस्थेकडे आहेत, त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात आहे. किती भरायचे आणि सुरक्षा व्हॉल्व्ह कसा असावा या दोन्ही गोष्टी या नियमांत हातात हात घालून येतात, आणि तसेच असायला हवे.

टाकी वाचली, परिसर जळाला

व्हेंट पुरेसा मोठा असला आणि सगळे तेल त्यातून निघून गेले, तर प्रश्न सुटतो का? इंग्लंडमधील बन्सफील्डच्या तेलसाठा केंद्रातल्या घटनेने याचे उत्तर दिले. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळपासून तिथल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीत नळवाहिनीने पेट्रोल येत होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळीमापकाचा आकडा एका जागी अडकला. पेट्रोल चढतच राहिले. याउपर एक स्वतंत्र स्विच होता. पातळी टोकाला गेली की त्याने पुरवठा बंद करायचा. पण त्याच्या चाचणीच्या तरफेला लागणारे कुलूपच बसवलेले नव्हते आणि त्यामुळे तो निकामी झाला होता. साडेपाच वाजून गेल्यावर पेट्रोल छतावरच्या व्हेंटमधून ओसंडू लागले आणि टाकीच्या भिंतीवरून धबधब्यासारखे कोसळले. कोसळताना त्याचे तुषार झाले, तुषारांची वाफ झाली, आणि थंड, स्तब्ध हवेत ती ढगासारखी पसरली. सहा वाजून एका मिनिटाने स्फोट झाला. ओसंडलेले पेट्रोल अडीच लाख लिटरच्या आसपास होते. रविवारची पहाट होती म्हणून कोणी दगावले नाही, पण ४३ जण जखमी झाले.

चारच वर्षांनी, २३ ऑक्टोबर २००९ रोजी, पोर्तो रिकोतल्या बायामोन येथे हेच पुन्हा घडले. जहाजातून उतरवलेले पेट्रोल किनाऱ्यावरच्या टाकीत जात होते. पातळी सांगणारी यंत्रणा बिघडलेली असल्यामुळे टाकी कधी भरेल याचा अंदाज कामगार हाताने मांडत होते. अंदाज चुकला, टाकी ओसंडली, ढग पेटला आणि आग सुमारे साठ तास चालली.

या दोन्ही ठिकाणी दाबाने टाकी फाटून तेल बाहेर आले नाही. ते वरच्या वाटेने आले. व्हेंटच्या हिशेबाने टाकी सुरक्षित राहिली, आणि परिसर जळून गेला.

भोपाळची टाकी

या विषयावर लिहिताना भोपाळ वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, जरी तिथली टाकी मालवाहतुकीची नव्हती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतल्या मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. उष्णता निर्माण करणारी रासायनिक क्रिया सुरू झाली आणि टाकीतला दाब झपाट्याने वाढला. टाकी शिफारशीपेक्षा जास्त भरलेली होती. पर्यायी टाकी रिकामी ठेवलेली नव्हती. शीतकरण यंत्रणा महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती, वायू धुणारा मनोरा कामाला तयार नव्हता आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळीचा तुकडा काढून ठेवलेला होता.

या सगळ्यात एकच यंत्र ठरल्याप्रमाणे चालले, ते म्हणजे सुरक्षा व्हॉल्व्ह. तो उघडला, सुमारे दोन तास उघडा राहिला आणि दाब उतरल्यावर मिटला. टाकी फुटली नाही. जे वाचायला हवे होते ते शहर मात्र झोपेत गाठले गेले. व्हॉल्व्हला बाहेरची वस्ती दिसत नाही. तो दाब पाहतो. त्याच्यामागे वायू सामावणारी किंवा जाळणारी व्यवस्था जिवंत नसेल, तर त्याचे उघडणे म्हणजे धोका टाकीच्या आतून बाहेर नेऊन ठेवणे.

व्हॉल्व्हची निगा

व्हॉल्व्हची मर्यादा कळली म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही. वायूच्या दाबासाठी तो अजूनही शेवटचा पहारेकरी आहे, आणि तो अडकला तर रिकामी टाकीसुद्धा फाटते. समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्याने झाकणाच्या बैठकीवर क्षार बसतो. थंड समुद्रात बर्फ साचते. स्टायरीनसारखा माल वाफेच्या वाटेत घट्ट होऊन ज्वालारोधक जाळी बुजवतो. पाम तेलासारखी तेले थिजतात, जसे आपले खोबरेल जानेवारीत बाटलीत गोठते. म्हणून माल भरण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हची तरफ हाताने उचलून तो मोकळा आहे ना हे पाहायचे असते. जाळ्या साफ असाव्या लागतात. सोलासने दुसरी व्यवस्थाही सांगितली आहे. पहिली वाट बुजली तर पूर्ण क्षमतेची दुसरी वाट हवी, किंवा प्रत्येक टाकीत दाब सांगणारा आणि धोक्याचा इशारा देणारा संवेदक हवा.

तरफ उचलायला अर्धे मिनिट लागते. उन्हात, पावसात, रात्रीच्या पाळीत हे अर्धे मिनिट टाळावेसे वाटते, आणि बहुतेक वेळा टाळूनही काही बिघडत नाही. याच कारणाने ही सवय सुटते.

मग टाकी कोण वाचवते?

सगळ्या अनुभवांचा निष्कर्ष असा निघतो. अतिभरण रोखणाऱ्या गोष्टी चार आहेत. पहिली, विश्वासाने वाचता येणारा पातळीमापक. दुसरी, त्याच्याशी काहीही संबंध नसलेला स्वतंत्र इशारा, कारण बन्सफील्डला पहिला अडकला तेव्हा दुसऱ्यानेच सावरायचे होते. तिसरी, पुरवठा खात्रीने आणि लवकर बंद करता येईल अशी सोय, जहाज आणि किनारा यांच्यात आधी ठरलेली. चौथी, पातळीचा आकडा हलत नाही हे दिसताच 'ठीक आहे' न म्हणता 'का?' असे विचारणारा माणूस. मिनिटाला चार सेंटिमीटर चढायला हवी ती पातळी थांबलेली दिसते, तेव्हा बिघडलेले असते ते यंत्र. टाकी भरतच असते.

व्हॉल्व्ह या चौघांच्या नंतर येतो. कागदावर त्याची गणना सुरक्षासाधनांत होते म्हणून त्याच्या भरवशावर शेवटचा मीटर घाईने भरणे, हा त्याच्यावरही अन्याय आहे. तो वायूसाठी घडवलेला आहे, त्याला वायूचेच काम द्यावे.

जवाहर द्वीपापासून जयगडपर्यंत आपल्या किनाऱ्यावर तेलाचे आणि गॅसचे टँकर लागतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर कोकणातली, महाराष्ट्रातली मुले काम करतात. त्यांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पाळीवर जाताना तरफ उचलून पाहा, पातळी दोन साधनांनी मोजा, आणि शंका आली की पंप थांबवायला सांगताना संकोच करू नका. थांबवलेला पंप पुन्हा सुरू करता येतो.